दुसरा हात

१

दुपारची भांडी घासून झाली की चिगुसा जिना चढायची, नवऱ्याच्या खोलीचं सरकतं दार ढकलायची आणि खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून बसायची. नवरा जिवंत असताना या खोलीत तिने फार तर चहाचा पेला ठेवण्यापुरतं पाऊल टाकलं होतं. आता तो नव्हता आणि खोली तिची होती. खोली म्हणजे तरी काय, साडेचार चटया मावतील एवढी जागा, आणि त्यातला बराचसा भाग खोक्यांनी खाल्लेला. विमानं, रणगाडे, जहाजं, मोटारी. सगळं प्लास्टिकचं, सगळं सुट्या भागांत, सगळं खोक्यात बंद. निवृत्त झालो की एकेक जोडीन, रंगवीन, असं म्हणत नोरियोशीने ती छतापर्यंत रचली होती. निवृत्त होऊन वर्ष व्हायच्या आतच तो गेला.

गेला तोही याच टेबलाशी. गेल्या शरदात ती दुपारी चहा घेऊन वर आली तेव्हा तो पाठमोरा बसला होता, हातात ब्रश, पुढ्यात विमानाचा पंख. काम चालू असताना बोललेलं त्याला खपत नसे. "ओलं आहे, हात लावू नकोस," हे एक वाक्य सोडलं तर या खोलीतून तिच्या वाट्याला संसारभर फारसं काही आलं नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे पेला कोपऱ्यात ठेवला आणि खाली निघून गेली. बऱ्याच वेळाने पेला न्यायला आली तर चहा तसाच. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर सकाळीच केव्हातरी फुटली असावी. म्हणजे ती मेलेल्या माणसाला चहा देऊन गेली होती आणि तिला काही फरक कळला नव्हता. हे ऐकून तिच्या धाकट्या बहिणीने, फुजिएने, तोंडावर हात ठेवला. चिगुसाला मात्र हसू आलं होतं. ते हसू फार कडू होतं, आणि ते तिने कुणाला दाखवलं नाही.

ब्रश तिने हातात धरला तो काही प्रेमापोटी नव्हे. आपल्या सगळ्या संध्याकाळी ज्याने गिळल्या त्यात असं होतं तरी काय, हे तिला एकदा बघायचं होतं. बघून झालं की सगळी खोकी कुणाला तरी देऊन टाकायची असं तिने ठरवलं होतं. पण पहिलं छोटं विमान जोडून त्यावर हिरवा रंग लावला, आणि खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं की दुपारभर आपण कुणावरच चिडलो नाही. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेली.

२

"वहिनी, रागावू नका, पण तुम्ही रंग देत नाही आहात. तुम्ही भिंत सारवताय."

ओगुरी नोरियोशीचा शाळेपासूनचा मित्र, त्याला नेहमी आडनावाने, तोत्सुका म्हणणारा. नाक्यावर त्याचं केशकर्तनालय. सोमवारी दुकान बंद असायचं, म्हणून सोमवारी तो मित्राच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला यायचा. उदबत्ती विझायच्या आत जिना चढून वर यायचा आणि चिगुसाने काय घाण करून ठेवली आहे ते बघायचा.

"मग शिकवा की," चिगुसा म्हणाली. "नुसती नावं ठेवायला काय जातंय."

ओगुरीने बाही सरसावली. रंगाच्या बशीत थिनर टाकला, ढवळला, बशी कलती करून बघितली. "दुधाइतका पातळ. दही नको. ब्रश रुंद घ्यायचा, बारक्या ब्रशने रंग देणारा माणूस भित्रा असतो. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा न्यायचा आणि उचलायचा. उचलला की संपलं. मागे यायचं नाही. रंग वाळता वाळता आपला आपण पसरतो, सपाट होतो. आपण मधे जरासं डाग झाकायला गेलो की मेला तो रंग."

"खालचं प्लास्टिक दिसतंय ना पण."

"दिसू द्या. पहिला हात असाच विरळ असतो. उद्या दुसरा हात द्यायचा, पहिल्याला आडवा. पण उद्या. मधे एक अख्खी रात्र गेली पाहिजे. थांबणं हीच यातली कला, वहिनी. तोत्सुकासारखं थांबणं मी कुणाचं पाहिलं नाही."

"हो, थांबायला उस्ताद होता," चिगुसा म्हणाली. "खोकी उघडायची थांबला, बोलायचं थांबला, शेवटी श्वास घ्यायचाच थांबला."

ओगुरी कसनुसा हसला. मग त्याने तिच्या हाताकडे बघितलं. "तुमचा ब्रश असा तिरका का पडतो? डावऱ्या आहात की काय?"

"होते. शाळेत सवय मोडली. अक्षर गिरवायच्या तासाला बाई डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यात खोचून ठेवायला लावायच्या. कात्री अजून डाव्याच हातात येते. पण ब्रश म्हटला की उजवा."

हे सांगताना तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिच्या वयाच्या सगळ्या डावऱ्यांचं असंच होतं. ब्रश डाव्या हातात धरता येईल असा विचारही त्यांच्या मनाला शिवत नसे.

"ब्रशच्या रेघा म्हणजे अक्षर असतं," ओगुरी म्हणाला. "कितीही सफाई करा, लपत नाही. तोत्सुकाचा पंख डोळे बांधून दिलात तरी बोट फिरवून ओळखीन मी."

तो जायला निघाला तेव्हा चिगुसाने जिन्याशी त्याला थांबवलं. मे महिन्यात शहरात अशा जोडलेल्या प्रतिकृतींचं मोठं प्रदर्शन भरायचं. देशभरचे क्लब यायचे, आणि ओगुरीच्या क्लबचं दरवर्षी एक टेबल असायचं. "यंदा टेबलावर माझं एक ठेवलं तर?"

"ठेवू की! तोत्सुकाच्या आठवणीला म्हणून..."

"आठवणीला नाही. माझ्या नावाने. तोत्सुका चिगुसा, असं चिठ्ठीवर."

ओगुरीने मान खाजवली. एवढ्या वर्षांत तिचं नाव काय हे त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. या गल्लीत ती तोत्सुकाची बायको होती, ड्रायक्लीनिंगच्या दुकानात सकाळी काउंटरवर बसायची तिथे नुसती तोत्सुकासान, म्हणजे तोत्सुकाबाई, होती, आणि घरात नवऱ्याने तिला 'ए' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. आता काहीतरी एक तिला आपल्या नावावर हवं होतं.

"मग आधी त्या रेघा घालवा," ओगुरी म्हणाला आणि सायकलवर बसला.

३

थंडी सरत आली होती. चिगुसाने एका मोठ्या विमानाच्या एका पंखाला गडद हिरव्याचा पहिला हात दिला आणि ओगुरीने बजावूनही मागे वळली. बुडाशी एक डाग उरला होता, तो तिला बघवेना. ब्रश पुन्हा टेकवला तशी तिथे रंगाची वळी उठली, ती सारखी करायला गेली तर दुसरी उठली. पंख वाळला तेव्हा त्यावर नांगरल्यासारख्या रेघा होत्या. तिने नखाने दाबून पाहिलं. रंग कडक झाला होता. उद्या घासून काढू, असं म्हणून ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी रेघा नव्हत्या.

तिने पंख उजेडात धरला, कलता केला, पुन्हा सरळ केला. बुडापासून टोकापर्यंत हिरवा रंग एकसारखा, थोडासा मंद, जणू पंख त्याच रंगाचा ओतून काढला होता. तिला आनंद झाला, आणि मग आनंदामागून एक साधा प्रश्न आला. ओला रंग पसरतो. वाळलेला कसा पसरेल?

कालचा रंग वाळलाच नसेल, असं तिने ठरवलं. नखाने दाबलं तेव्हा वरची साय तेवढी घट्ट झाली असेल. नाहीतर हा दुसराच पंख असेल. उजवा आणि डावा यांत तिची नेहमी गल्लत व्हायची. तिने दुसरा पंख शोधला. तो खोक्यात होता, राखाडी, अजून रंगाचा थेंबही न लागलेला.

आणखी एक गोष्ट होती, पण ती इतकी क्षुल्लक होती की कुणाला सांगायची म्हणजे लाज. त्या दिवशी जेवताना तिला भातात थिनरची चव लागली. भात टाकून तिने दुसरा घेतला, त्यातही तीच. शेवटी लक्षात आलं, चव भाताला नव्हती, तिच्या ओठांना होती. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दिवसभर असलेच वास असतात, ते अंगाला लागतात, असं तिने स्वतःला समजावलं. पण दुकानातला वास नाकाला यायचा, तोंडाला कधी येत नसे. ब्रश धुऊन झाला की त्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायची खोड नोरियोशीला होती. नव्या नवलाईच्या दिवसांतसुद्धा तिला त्याची किळस यायची. तो जवळ आला की ती मान वळवायची, आणि पुढे पुढे तो जवळ यायचाच बंद झाला.

तिने फुजिएला फोन केला.

"ताई, तू घासून काढलंस आणि विसरलीस," फुजिए म्हणाली. "मी परवा मिठाचा डबा फ्रीजमध्ये ठेवला."

"मिठाचा डबा आणि पंख एक का?"

"बरं, मग भूत समज. तुझ्या नवऱ्याने जिवंतपणी घरात एक खिळा ठोकला नाही, मेल्यावर तरी कामाला लागला म्हणायचं. त्याला म्हणावं, वर आहेस तर छताची गळतीही बघ."

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर चिगुसा जरा वेळ तिथेच उभी राहिली. वरच्या खोलीत काही वाजत नव्हतं. काही वाजलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

४

तिने पाळत ठेवायचं ठरवलं. एका दुपारी शेपटीच्या भागाला मुद्दाम वाईट रंग दिला. दह्यासारखा जाड, इकडून तिकडे, तिकडून इकडे, पोराने चिखल फासावा तसा. वाळायला चिमट्यात धरून टेबलावर उभा केला आणि समोर बसून राहिली. उठायचंच नाही. ऊन टेबलाच्या डाव्या कडेला होतं. खाली रस्त्यावरून तोफूवाल्याची गाडी गेली. शेजारणीने गाद्या झोडपल्या. कुठल्यातरी खोक्यातला प्लास्टिकचा सांगाडा उन्हाने तापून टक् करून वाजला.

मग नगरपालिकेच्या भोंग्यावर संध्याकाळची धून लागली, पोरांना घरी बोलावणारी. चिगुसाला वाटलं, आज इतक्या लवकर कशी. तिने टेबलाकडे बघितलं. ऊन केव्हाच गेलं होतं. शेपटी चिमट्यातच होती, आणि ती गुळगुळीत होती.

बशीत रंग होता, दुधाइतका पातळ. तिने तो केला नव्हता. रुंद ब्रश धुऊन आडवा ठेवलेला होता आणि त्याचे केस टोकाशी नीट जुळवलेले होते. तिने आपला उजवा हात वर केला. तर्जनी आणि अंगठा यांच्यामधे, जिथे ब्रश टेकतो तिथे, हिरवा डाग होता, अजून ओला. घरात कुणी आलं नव्हतं. कुणी येणारही नव्हतं. चिगुसाने ओठांवरून जीभ फिरवली आणि लगेच जाऊन चूळ भरली, मग पुन्हा भरली, मग टूथपेस्ट लावून घासलं.

डुलकी लागली, हात आपला काम करत राहिला, असंही होऊ शकतं. दुकानात कोटाच्या गुंड्या मोजताना तिचा हात चालायचा आणि डोकं भलतीकडेच असायचं. ओगुरीला हे सांगितलं तेव्हा तोही तेच म्हणाला. "हात शिकला, वहिनी. डोकं मधे लुडबुडत नसलं की हात भराभर शिकतो. माझी कात्री बघा, मी गिऱ्हाइकाशी बेसबॉलवर भांडत असतो तेव्हाच ती सगळ्यांत बरी चालते."

मग त्याने पंख उचलून खिडकीशी नेला. चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि पंखावरून हळूहळू बोट फिरवलं. फिरवता फिरवता तो थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हा तोत्सुकाचा हात आहे," तो म्हणाला.

"माझा आहे."

"नाही, म्हणजे लावला तुम्हीच. पण इथे बघा, टोकाशी येऊन तो जरासा दाबायचा आणि मग उचलायचा. बालपणापासून. कुणी शिकवलं तुम्हाला हे? मी नाही शिकवलं. मला येतच नाही."

क्लबात दाखवतो म्हणून त्याने पंख रुमालात गुंडाळून नेला.

पुढच्या सोमवारी ओगुरी क्लबचा निरोप घेऊन आला. सगळ्यांनी तो पंख बघितला होता, सगळे हेलावले होते. असं ठरलं होतं की विमान टेबलाच्या मधोमध ठेवायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, 'कै. तोत्सुका नोरियोशी'. खाली बारीक अक्षरात, 'पत्नीने पूर्ण केले'.

"पूर्ण केलं?" चिगुसा म्हणाली. "पहिला तुकडा मी चिकटवलाय त्यात."

"वहिनी, लोकांना काय वाटेल त्याचा विचार करा. त्याचाच हात आहे तो, कुणीही सांगेल. त्याला किती बरं वाटेल."

"त्याला बरं वाटावं म्हणून मी आयुष्यभर गप्प बसले. आता मेल्यावरही मीच गप्प बसायचं?"

 ओगुरी वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर तिने त्याला हाकलून दिलं असतं. तिने त्याच्यापुढे केळ्याच्या चकत्यांची बशी सरकवली आणि म्हणाली, "घेऊन जा ते विमान. ठेवा त्याच्या नावाने. मी दुसरं करते."

५

तिने ढिगाच्या तळातून एक खोकं ओढून काढलं. जुन्या घाटाची लांबलचक मोटार, झगझगीत काळ्या रंगाची. झगझगीत काळा ब्रशने द्यायचा म्हणजे स्वतःची फजिती ओढवून घेणं. त्यात एक रेघ लपत नाही, एक कण लपत नाही. नोरियोशीने ते खोकं उघडलंही नव्हतं. म्हणूनच तिने ते निवडलं. तिथे त्याचा हात कधी पोचला नव्हता.

आणि यावेळी ती ब्रश डाव्या हातात धरणार होती. इतके महिने हे सुचलं कसं नाही याचं तिला आता नवल वाटत होतं. तिने उजवा हात मागे नेला आणि एप्रनच्या नाडीत खोचला, मनगटाशी एक वेढा जास्त घेतला. शाळेतल्या बाईंनी हाच उपाय केला होता, फक्त हात दुसरा होता.

मोटारीचं टप चिमट्यात बसवलं. डाव्या हातात ब्रश परका वाटत होता आणि तरी कुठेतरी फार ओळखीचा, लहानपणी हरवलेली मैत्रीण भेटावी तसा. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी पहिलीवर चढली. रंग इथे साचला, तिथे विरळ झाला. टपावर भयंकर रेघा उमटल्या आणि त्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिने घाबरत दार सरकवलं. रेघा तशाच होत्या. चिगुसा दारातच रडली. एवढं कुरूप काम बघून इतकं बरं कुणाला वाटलं नसेल.

ती रोज थोडं करू लागली. वाळलं की पाण्यात बुडवलेल्या बारीक पॉलिशकागदाने घासायची, पुन्हा हात द्यायची. उजवा हात नाडीत. त्याला अधूनमधून मुंग्या यायच्या, बोटं आपोआप हलायची, पण ती लक्ष देत नसे. रेघा कमी होत गेल्या, पण गेल्या नाहीत, आणि ज्या उरल्या त्या सगळ्या उजवीकडून डावीकडे पडलेल्या होत्या. नोरियोशीने जन्मात अशी रेघ मारली नव्हती. ओठांची चवही गेली होती. नाडी सोडून ती खाली यायची, स्वतःपुरता भात आणि मासळी खायची आणि भाताला भाताचीच चव लागायची.

शेवटचा हात इंजिनावरच्या पुढच्या झाकणाला द्यायचा होता. झाकण चांगलं चार हात लांब असतं खऱ्या मोटारीचं, इथे ते दोन बोटांएवढं होतं. तिने ब्रश भरून घेतला, एका दमात टोकापर्यंत नेला, उचलला. ओला काळा रंग चमकला आणि सपाट झाला. त्यात खिडकी दिसली, खिडकीतलं आभाळ दिसलं, आणि आभाळापुढे वाकलेला तिचा चेहरा.

चेहऱ्यात काहीतरी चुकलं होतं. तिने निरखून पाहिलं. कपाळ तिचंच, केस तिचेच, गालावरचा तीळही जागच्या जागी. पण प्रतिबिंबातले ओठ पुढे काढलेले होते. बारीक, गोल, काहीतरी टोकदार मधे धरल्यासारखे, आणि ते हलत होते, अगदी थोडे, जुळवून घेत असल्यासारखे.

चिगुसाचा डावा हात हवेत होता आणि ब्रश त्या हातात होता. उजवा नाडीत होता. तिने डाव्या मनगटाची मागची बाजू स्वतःच्या ओठांना लावली. ओठ मिटलेले होते, कोरडे, सरळ. ती तशीच मनगट टेकवून बसली आणि रंगात बघत राहिली. आतले ओठ मनगटाआड गेले नाहीत, कारण आत मनगट नव्हतंच. ते जुळवून झाले तसे थांबले. मग किंचित उघडले, काहीतरी म्हणायचं असल्यासारखे.

तिने मान फिरवली. उगाच खोक्यांवरची अक्षरं वाचत राहिली, वाचून संपली तेव्हा परत बघितलं. रंगात आभाळ होतं आणि तिचा नेहमीचा चेहरा, जरा पांढरा पडलेला. वाकड्या पृष्ठभागावर वाकडंच दिसणार, ती मोठ्याने म्हणाली. आवाज तिचाच होता. तिने ब्रश डाव्या हाताने धुतला, टोक कागदावर टेकवून नीट केलं आणि टेबल आवरून ठेवलं. नंतर त्या टेबलाशी ती बसली नाही.

६

प्रदर्शनाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांच्या रांगाच रांगा, प्रत्येक टेबलावर ओणवे झालेले पुरुष, कुणाच्या गळ्यात कॅमेरा, कुणाच्या डोळ्याला भिंग. क्लबच्या टेबलावर मधोमध हिरवं विमान होतं, त्यापुढे छान छापलेली चिठ्ठी. लोक तिथे थांबायचे, हळू आवाजात बोलायचे, चिगुसाला वाकून नमस्कार करायचे. तीही वाकायची. तिला आता त्याचं काही वाटत नव्हतं. विमान त्याचंच होतं, तिने ते देऊन टाकलं होतं.

टेबलाच्या कडेला काळी मोटार होती. तिच्यापुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी, डाव्या हाताने, अक्षरं पहिलीतल्या पोरीसारखी: तोत्सुका चिगुसा. फारसं कुणी थांबत नव्हतं. एक तरुण थांबला, वाकला आणि सोबत्याला म्हणाला, "रेघा बघ केवढ्या. हे ठेवलंय कशाला?" चिगुसा शेजारीच उभी होती. तिला राग आला नाही. रेघा दिसत होत्या, एवढंच तिला हवं होतं.

ओगुरी सकाळपासून तिला टाळत होता. गर्दी जराशी ओसरली तसा तो आला, मोटारीपुढे उकिडवा बसला, चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "लावू बोट?"

"लावा."

त्याने डोळे मिटून टपावरून बोट फिरवलं. झाकणावरून फिरवलं. उलट फिरवलं.

"हे अक्षर मी आजवर कुठेच बघितलेलं नाही," तो म्हणाला. "वेडंवाकडं आहे. पण कुणाचं उचललेलं नाही. चिगुसासान, माझं चुकलं. त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं."

कुणी आपल्याला नावाने हाक मारली तर कसं वाटतं हे चिगुसा विसरून गेली होती.  ती खोल वाकली, आणि वाकल्यावर डोळे पुसून घेतले. तिला वाटलं, सुटलो मी एकदाचा. मग वाटलं, काय वाटलं आपल्याला आत्ता? पण तेवढ्यात कुणीतरी टेबलाला धक्का दिला, मोटार सरकली आणि तो विचार राहून गेला.

दुपार झाली. बाहेरच्या गाड्यांवरून काळ्या रश्शात उकळणाऱ्या ओदेनचा, मुळ्या-अंड्यांचा वास येऊ लागला. क्लबातले लोक एकेक करून निघाले. ओगुरी आज खुशीत होता, मनावरचं ओझं उतरलेल्या माणसासारखा. जुन्या मित्राचं विमान, जुनं टेबल, तीच ती मे महिन्यातली दुपार. दारापाशी पोचून त्याने सवयीने मागे न बघताच हात उंचावला आणि हाक मारली, "ए तोत्सुका, चल रे, भूक लागली!"

चिगुसा मोटारीवर वाकलेली होती. सरकलेली मोटार ती उजेडाकडे जराशी वळवत होती, डाव्या हाताने.

"आलो," ती म्हणाली.

ओगुरी दारात थांबला. त्याचा उंचावलेला हात तसाच राहिला. गर्दी त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होती.

चिगुसाने ते ऐकलं होतं. आवाज तिचाच होता, नेहमीचा, जरासा बसका. शब्द तेवढा चुकला होता. घाईत चुकतो माणूस. आले, असं म्हणायचं होतं तिला; जन्मभर तेच म्हणत आली होती. ती सरळ उभी राहिली, दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले, ते दोघे तिचं ऐकत होते. मग तिने ओठ नीट जुळवले आणि सावकाश, एकेक अक्षर सांभाळत, पुन्हा म्हणून पाहिलं.

"आलो."